जिल्ह्यातली बाल न्याय यंत्रणा सुधारायची, तर सुरुवात कुठून करायची?

तुम्ही लिहिलंय की जिल्हा बाल संरक्षण कक्षात समन्वयक म्हणून 'बाल न्याय यंत्रणेची सुधारणा' हे काम तुमच्याकडे आलंय. बाल न्याय मंडळ (गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठराखालच्या मुलांची प्रकरणं ऐकणारं, एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्त्यांचं) म्हणतं पोलीस कागद वेळेवर देत नाहीत. पोलीस म्हणतात मंडळ बसतच नाही. निरीक्षणगृहाचे, म्हणजे चौकशी चालू असताना मुलं ठेवतात त्या गृहाचे, अधीक्षक म्हणतात सगळी मुलं आमच्याकडेच आणून सोडतात, आणि मुलाच्या घरची पाहणी आणि देखरेख करणारे परिवीक्षा अधिकारी म्हणतात एका माणसानं किती तालुके फिरायचे. वरून तीन महिन्यांत कृती आराखडा मागितलाय, आणि त्यात काय लिहू असं तुम्ही विचारताय.

चौघंही खरं बोलतायत. फक्त प्रत्येकाला आपल्या टेबलावर येणारा कागद तेवढा दिसतो. मूल मात्र चारही टेबलांवरून जातं, आणि त्याचे दिवस वाया जातात ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना. ठाण्यातून मंडळाकडे, मंडळाकडून परिवीक्षा अधिकाऱ्याकडे, जामिनाच्या आदेशातून प्रत्यक्ष सुटकेपर्यंत. या मधल्या टप्प्यांना कायद्यात मुदती आहेत, पण त्या पाळल्या जातात की नाही हे बघायला रोज कुणी बसलेलं नसतं. तुमचं काम ते. म्हणून मी सुरुवात आराखड्यापासून करणार नाही, फायलींपासून करेन.

आधी काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगतो. मुंबई, ठाणे, पुण्यासारख्या ठिकाणी प्रकरणांची संख्या हीच मोठी अडचण असते. गडचिरोली किंवा सिंधुदुर्गसारख्या जिल्ह्यात प्रकरणं थोडी, पण अंतर, वाहन आणि रिकामी पदं यात सगळं अडतं. तुमच्या जिल्ह्यात स्वतःचं निरीक्षणगृह आहे का, मुलींसाठी वेगळी सोय आहे का की त्यांना शेजारच्या जिल्ह्यात पाठवावं लागतं, मंडळातले दोन्ही समाजकार्यकर्ते सदस्य नेमलेले आहेत का, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर पहिल्या सहा महिन्यांचं काम ठरेल. मी पुढे जे लिहितोय ते मध्यम आकाराच्या जिल्ह्याला धरून आहे. शेजारी २०१५ चा बाल न्याय अधिनियम, त्याची २०२१ ची दुरुस्ती (ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली) आणि राज्याचे २०१८ चे नियम ठेवा. नियमांचा उल्लेख करताना मी केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांचे क्रमांक देतोय.

दुसरी गोष्ट अधिकाराची. समन्वयकाला कुणालाही आदेश देता येत नाही. पण ज्यांना देता येतो त्यांची कलमं तुम्हाला पाठ हवीत. कलम १६ प्रमाणे मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी मंडळाकडच्या प्रलंबित प्रकरणांचा दर तीन महिन्यांनी आढावा घ्यायचा असतो, आणि बैठका वाढवायला सांगण्याचा अधिकार त्यांना आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकारी मंडळासह कोणत्याही संबंधित यंत्रणेकडून माहिती मागवू शकतात. विशेष बाल पोलीस पथक पोलीस उपअधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली असतं. मोफत वकिलाची बाजू जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची. प्रत्येक अडचणीसाठी यातला नेमका कोणता दरवाजा ठोठवायचा हे ठरवून ठेवा. जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं एक सरसकट पत्र सगळ्यांना पाठवलं, तर चार 'अनुपालन अहवाल' येतात आणि काम होतं तिथेच राहतं. आणि एक मर्यादा कधीही ओलांडू नका: मंडळ न्यायिक आहे. चालू प्रकरणात काय निर्णय द्यावा यावर जिल्हाधिकारी बोलू शकत नाहीत, तुम्हीही नाही. कामाच्या पद्धतीवर बोला, आणि उदाहरणं फक्त निकाली फायलींमधून घ्या. ही रेषा पहिल्याच भेटीत तुम्ही स्वतःहून आखलीत, तर मंडळाचे प्रधान दंडाधिकारी मोकळेपणानं बोलतात. नाहीतर ते बैठकीला यायचं टाळतात, आणि ते योग्यच असतं.

आता फायली. मागच्या बारा महिन्यांतली सगळी प्रकरणं घ्या. दीडशेच्या वर असतील तर क्रमाने प्रत्येक तिसरं. त्यांची एक यादी करा. प्रत्येक ओळ एका मुलाची, एका गुन्ह्याची नव्हे. हे आवर्जून सांगतोय, कारण बहुतेक जिल्ह्यांत आकडे जुळत नाहीत ते यामुळेच: तीन मुलांनी मिळून केलेली चोरी पोलिसांकडे एक असते, निरीक्षणगृहात तीन, आणि मंडळाकडे कधी एक तर कधी तीन. रकाने असे ठेवा: सांकेतिक क्रमांक (नाव नको), घटनेच्या दिवशीचं वय आणि ते कशावरून ठरवलं, लावलेली कलमं आणि गुन्ह्याचा वर्ग, ताब्यात घेतल्याची तारीख-वेळ, मंडळापुढे हजर केल्याची तारीख-वेळ, त्या दिवशी वकील होता का, जामिनाचा आदेश, प्रत्यक्ष सुटका, परिवीक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक तपासणी अहवाल मागितला कधी आणि आला कधी, पोलिसांचा अंतिम अहवाल कधी आला, किती तारखा पडल्या आणि प्रत्येक तारीख कशामुळे पडली, अंतिम आदेश काय आणि त्याचं पुढे काय झालं.

यातला 'तारीख कशामुळे पडली' हा रकाना सगळ्यात कष्टाचा आणि सगळ्यात मोलाचा. तो भरायला रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद) वाचावा लागतो. मंडळाच्या लिपिकाशेजारी बसून वाचा, उतरवून घ्या. कारणं सहा-सात प्रकारांतच मोडतात: मंडळ बसलं नाही, पालक आले नाहीत, साक्षीदाराला समन्स पोचलं नाही, अहवाल नाही, पोलिसांचे कागद नाहीत, वकील नाही. ही यादी हातात आली की 'चूक कुणाची' यावर चालणारे वाद बरेच थांबतात, कारण उत्तर समोर कागदावर असतं. दिवस मोजताना सरासरी काढू नका. दोन वर्षं रखडलेलं एक प्रकरण सगळी सरासरी बिघडवतं. दिवसांचे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावा आणि मधला आकडा घ्या.

यातून बहुतेक ठिकाणी पहिली गळती ठाण्यातच दिसते, म्हणून तिथे जरा थांबतो. नियम ८ सांगतो की मुलाविरुद्ध प्रथम माहिती अहवाल फक्त दोन परिस्थितींत नोंदवायचा: गुन्हा निर्घृण वर्गातला (किमान शिक्षा सात वर्षं किंवा जास्त) असेल, किंवा प्रौढांसोबत मिळून केलेला असेल. बाकी सगळ्या प्रकरणांत स्टेशन डायरीत नोंद करून सामाजिक पार्श्वभूमी अहवालासह माहिती मंडळाकडे पाठवायची. मुलाला ताब्यात घेणंही साधारणपणे निर्घृण गुन्ह्यातच. किरकोळ (कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंत) आणि गंभीर (या दोन्हींच्या मधल्या) गुन्ह्यांत मुलाच्या हितासाठी गरज नसेल तर पालकांना मंडळापुढे हजर राहायची तारीख कळवली की पुरतं. म्हणजे मूल आत येतं की घरी राहतं हे गुन्ह्याच्या वर्गावर ठरतं, आणि वर्ग ठरतो ठाणे अंमलदार कोणतं कलम लिहितो त्यावर.

एक उदाहरण बघा. सतरा वर्षांच्या मुलानं रस्त्यात कुणाचा तरी मोबाइल हिसकावला. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०४ लावलं तर कमाल शिक्षा तीन वर्षं, गुन्हा किरकोळ. हिसकावताना धक्काबुक्की झाली म्हणून ३०९ लावलं तर कमाल दहा वर्षं पण किमान शिक्षा नाही, म्हणून गंभीर. फिर्यादीत कोयत्याचा वापर आला आणि ३११ लागलं तर किमान सात वर्षं, म्हणजे गुन्हा निर्घृण. मग प्रथम माहिती अहवाल, ताबा, निरीक्षणगृह, आणि मुलगा सोळा पूर्ण केलेला असल्यानं कलम १५ खालचं प्राथमिक मूल्यांकन (मुलावर प्रौढासारखा खटला चालवायचा का हे ठरवण्यासाठी). कोयता खरंच वापरला असेल तर कलम लागणारच, त्यात हात घालायचा नाही. पण रकान्यात असं दिसलं की एका ठाण्यात ३११ वारंवार लागतं आणि अंतिम अहवालात ते गळून पडतं, तर मधल्या काळात ती मुलं विनाकारण आत राहिली. हा मुद्दा उपअधीक्षकांसमोर, ठाण्याचं नाव न घेता, आकड्यांसह ठेवा. २०२१ च्या दुरुस्तीनं हेही स्पष्ट झालंय की कमाल शिक्षा सात वर्षांहून जास्त पण किमान सातपेक्षा कमी किंवा मुळीच नाही, असे गुन्हे गंभीर वर्गात जातात. खुनाचा प्रयत्न त्यातच येतो. अजूनही काही ठाण्यांत 'दहा वर्षांची शिक्षा आहे म्हणजे निर्घृण' असा हिशेब चालतो. नेहमी लागणाऱ्या पंचवीस-तीस कलमांचा एक पानी तक्ता, कलम आणि समोर वर्ग असा, सरकारी अभियोक्त्यांकडून तपासून घेऊन प्रत्येक ठाण्यात अंमलदाराच्या टेबलावर लावा. दिवसभराच्या प्रशिक्षणापेक्षा याचा उपयोग जास्त होतो, कारण ठाण्यात मुलांची प्रकरणं बघणारा बाल कल्याण पोलीस अधिकारी बदलून जातो, तक्ता टेबलावर राहतो.

वयाचंही ठाण्यातच सोडवा. कलम ९४ चा क्रम पक्का आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, तीही आदेशापासून पंधरा दिवसांत. आधार कार्डाला या क्रमात जागाच नाही. प्रत्यक्षात मूल रात्री ताब्यात येतं, घरी आधारच सापडतं, शाळा बंद असते, आणि थेट तपासणीचं पत्र निघतं. त्यावर उपाय म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून मुख्याध्यापकांची फोन यादी घेऊन ठेवणं आणि जनरल रजिस्टरचा उतारा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिळेल अशी सोय करणं. खर्च शून्य. वय घटनेच्या दिवशीचं बघायचं, हजर केल्याच्या दिवशीचं नाही, हेही त्या एक पानी तक्त्यावर लिहा.

पुढची गळती जामिनाची. कलम १२ मध्ये जामीन हा नियम आहे, गुन्हा कोणताही असो. नाकारायची कारणं तीनच: मुलाचा ज्ञात गुन्हेगारांशी संबंध येईल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल. नाकारला तर कारणं लिहावी लागतात. आदेश बहुधा व्यवस्थित असतात, घोटाळा त्यानंतर होतो. 'जामीनदार आणा' म्हटलं की बाप सातबारा किंवा घरपट्टीची पावती असलेला माणूस शोधत फिरतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला तो मिळत नाही, आणि जामीन मंजूर झालेलं मूल आतच राहतं. कलम १२(४) म्हणतं की सात दिवसांत अटी पूर्ण झाल्या नाहीत तर मुलाला पुन्हा मंडळापुढे आणायचं, अटी बदलण्यासाठी. हे घडत नाही, कारण सात दिवस मोजतंय कोण? हे काम निरीक्षणगृहाच्या अधीक्षकांना द्या. दर सोमवारी एक पान: जामीन होऊनही आत असलेली मुलं, आदेशाची तारीख, कशावर अडलंय. ते पान मंडळाला आणि विधी सेवा प्राधिकरणाला जायला हवं. जामीनदाराशिवाय, पालकांच्या बंधपत्रावर किंवा परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोडायची मुभा कायद्यातच आहे. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकिलानं पहिल्याच दिवशी तशी मागणी केली पाहिजे. एकच बदल करायची ताकद असेल, तर मी हा सोमवारचा कागद निवडेन.

सामाजिक तपासणी अहवाल दोन आठवड्यांत यायला हवा. उशीर होतो यापेक्षा मला जास्त खुपतं ते म्हणजे तो वाचून काही कळत नाही. वीस फायली शेजारी ठेवा, 'पालकांचे दुर्लक्ष, वाईट मित्रांची संगत, समुपदेशनाची गरज' हीच ओळ पुन्हा पुन्हा भेटेल. अशा अहवालावर मंडळानं काय ठरवायचं? अहवालात निदान एवढं हवं: शाळेत शेवटचा गेला कोणत्या महिन्यात आणि सुटली कशामुळे, घरात कमावतं कोण आणि मूल काय काम करतं, नशा असेल तर कशाची आणि कधीपासून, घटनेबद्दल मूल स्वतः काय सांगतं, घरातला किंवा गावातला कोणता मोठा माणूस त्याचं ऐकून घेतो आणि तो जबाबदारी घ्यायला तयार आहे का, आणि शेवटी एक अशी शिफारस जी जिल्ह्यात प्रत्यक्षात होऊ शकते. शेवटची ओळ कोरी राहते तेव्हा दोष बहुतेकदा अधिकाऱ्याचा नसतो. जिल्ह्यात काय उपलब्ध आहे याची यादीच त्याच्याकडे नसते. ती यादी तुम्ही करायची, खाली सांगतो.

भेटीच्या बाबतीत मराठवाड्यातली एक अडचण मुद्दाम नोंदवतो. ऊसतोडीच्या हंगामात पत्त्यावर जाऊन उपयोग नसतो, घराला कुलूप असतं आणि कुटुंब पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर. अशा वेळी 'पालक मिळून आले नाहीत' असं लिहून मूल निरीक्षणगृहात ठेवलं जातं. मुकादमाचा फोन आणि कारखान्याचं नाव पहिल्याच दिवशी मुलाकडून विचारून घ्या, आणि त्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाकडून भेटीचा अहवाल मागवा. वीटभट्टी आणि बांधकामावरच्या कुटुंबांनाही हेच लागू.

मंडळाच्या बैठकांबद्दल थोडक्यात. आदर्श नियमांनुसार मंडळ कामाच्या प्रत्येक दिवशी किमान सहा तास बसायला हवं, प्रकरणं कमी असतील तर कमी चालतं. बहुतेक जिल्ह्यांत प्रधान दंडाधिकाऱ्यांकडे नियमित न्यायालयही असतं, आणि मंडळाच्या वाट्याला आठवड्याचे दोन-तीन दिवस येतात. ते वाढवणं तुमच्या हातात नाही, तुमचे आकडे कलम १६ च्या आढाव्यात पोचवणं मात्र आहे. तोवर आहेत त्या दिवसांत दोन गोष्टी होऊ शकतात. एका तालुक्याची प्रकरणं एकाच दिवशी लावली की पोलिसांची गाडी एकदाच येते आणि पालकांची मजुरी कमी बुडते. आणि मंडळ बसत नसलेल्या दिवशी ताब्यात आलेलं मूल एकट्या सदस्यापुढे हजर करता येतं, त्यामुळे सुट्टीच्या दिवसांचं सदस्यांचं वेळापत्रक आणि फोन प्रत्येक ठाण्यात हवेत. नाहीतर 'मंडळ सोमवारी आहे' म्हणून चोवीस तासांची मुदत सहज मोडते आणि मूल ठाण्यातल्या बाकावर रात्र काढतं. अंतिम आदेशाला प्रधान दंडाधिकारी धरून किमान दोन सदस्य लागतात. समाजकार्यकर्ते सदस्यांची मुदत कधी संपतेय ते सहा महिने आधी लिहून वर कळवा. दोन्ही जागा एकाच वेळी रिकाम्या झाल्या की निकाल थांबतात. चौकशीची मुदत पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिने, फार तर आणखी दोन. किरकोळ गुन्ह्यात त्यानंतरही चौकशी अपुरी असेल तर ती संपुष्टात येते. तुमच्या यादीत दीड वर्ष चालू असलेली किरकोळ प्रकरणं सापडतील. त्यांची वेगळी यादी प्रधान दंडाधिकाऱ्यांना द्या, आणि तिथे थांबा.

निर्घृण गुन्ह्यांतल्या प्राथमिक मूल्यांकनाबद्दल एवढंच म्हणेन: ऐनवेळी शासकीय रुग्णालयाला पत्र पाठवून अर्ध्या तासाच्या मुलाखतीवर ते होऊ नये. मुलांसोबत काम केलेले मानसशास्त्रज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ आधीच शोधून त्यांचं पॅनेल करा. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बरुण चंद्र ठाकूर प्रकरणात या मूल्यांकनाचं गांभीर्य सविस्तर मांडलंय, तो निकाल मंडळाच्या सदस्यांसोबत वाचावा असा आहे. आणि याच वर्गात पोक्सोखालची (बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालची) ती प्रकरणंही येतात ज्यात दोघंही किशोरवयीन असतात आणि घर सोडून गेलेली असतात. पोक्सोच्या कलम ४ ची किमान शिक्षा दहा वर्षं असल्यानं मुलगा आपोआप निर्घृण वर्गात जातो. अशी प्रकरणं यादीत वेगळी मोजा, नाहीतर 'जिल्ह्यात निर्घृण गुन्हे वाढले' असा चुकीचा अर्थ निघतो आणि त्यावर धोरण ठरतं.

आता जिल्ह्यात काय उपलब्ध आहे ती यादी. कलम १८ खाली मंडळाला समज देण्यापासून गट समुपदेशन, सामुदायिक सेवा, परिवीक्षा, आणि शेवटी जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृह (अंतिम आदेशानंतर मूल ठेवतात ते) एवढे पर्याय आहेत. पण सामुदायिक सेवा कुठे? गट समुपदेशन कोण घेतं, कोणत्या वारी? उत्तर नसेल तर मधले पर्याय कागदावरच राहतात आणि मंडळाला समज आणि विशेष गृह यातच निवड करावी लागते. म्हणून तालुकावार यादी करा: ग्रंथालय, उद्यान, वृद्धाश्रम, रुग्णालय, जिथे एक जबाबदार माणूस मुलाचं नाव कुणाला न सांगता त्याचे तास लिहून देईल. नशामुक्ती केंद्र अल्पवयीनांना घेतं का, हे फोनवर नाही तर जाऊन विचारा. शाळा सुटलेल्या मुलासाठी दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म आणि आयटीआय प्रवेश यांच्या यंदाच्या तारखा, आणि घरची परिस्थिती बसत असेल तर मिशन वात्सल्य या बाल संरक्षण योजनेतलं महिना ४,००० रुपयांचं प्रायोजकत्व, हेही त्यातच. प्रत्येक ठिकाणाचा फोन दर तीन महिन्यांनी तपासा. संस्था बंद पडतात, माणसं बदलतात, आणि मंडळानं आदेश दिल्यावर तिथे कुणीच नाही असं दोनदा झालं की सदस्य यादी बघायचं सोडतात.

सुटून आलेल्या मुलाला शाळेनं परत घेणं हा वेगळाच लढा असतो. कलम २४ मुळे त्या प्रकरणानं मुलावर कोणतीही अपात्रता येत नाही (सोळा वर्षांवरच्या ज्या मुलाला बाल न्यायालय प्रौढासारखं वागवतं तो अपवाद), आणि कलम ७४(२) प्रमाणे प्रलंबित किंवा निकाली निघालेल्या प्रकरणाची माहिती पोलिसांनी चारित्र्य प्रमाणपत्रासाठीही द्यायची नसते. मुख्याध्यापकांना परिवीक्षा अधिकाऱ्यानं एकट्यानं भेटण्यापेक्षा शिक्षण विभागाच्या माणसाला सोबत नेलं की दाखला हातात द्यायची भाषा थांबते.

बैठकीबद्दल. महिन्यातून एक, सव्वा तास, सात-आठ माणसं, आणि ज्यांना खरंच काही बदलता येतं तीच. विषय एकच: यादीतल्या एका टप्प्यावर किती दिवस लागतात आणि का. इतिवृत्तात प्रत्येक कामापुढे पदनाम नको, नाव आणि तारीख हवी. आणि व्हॉट्सअॅप गटाबद्दल कळकळीनं सांगतो. जिल्ह्याचा समन्वय गट झाला की आठवडाभरात त्यावर मुलाचा फोटो, ताबा पावती, कधी पीडित मुलीचंही नाव येऊन पडतं. मुलाची ओळख उघड करणं हा कलम ७४ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण शिक्षेपेक्षा वाईट हे की तो फोटो गावात पोचतो आणि मग घर, शाळा, काम, सगळंच त्याच्यासाठी बंद होतं. गटावर फक्त सांकेतिक क्रमांक आणि तारखा, बाकी फोनवर.

हे सगळं करताना कधीतरी एखादी गाजणारी घटना घडेल. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातानंतर जामिनाच्या अटींवरून केवढा क्षोभ उसळला ते सगळ्यांनी पाहिलं. अशा वेळी प्रत्येक मंडळावर दडपण येतं आणि त्या घटनेशी काही संबंध नसलेल्या मुलांचे जामीन अडायला लागतात. तेव्हा उपयोगी पडणारे दोन आकडे आधीपासून मोजत राहा: जामिनावर सुटलेल्यांपैकी किती जण तारखांना हजर राहिले, आणि चौकशी चालू असताना किती जणांवर नवा गुन्हा दाखल झाला. ते आकडे चांगले असतील तर तुमची बाजू भक्कम. वाईट असतील तर देखरेख कमी पडतेय हे तुम्हालाच आधी कळायला हवं, कारण ज्याच्या घरी चोरी झाली किंवा ज्याला मार लागला त्याचाही या यंत्रणेवर तेवढाच हक्क आहे.

आता आराखड्यात काय लिहायचं. पहिले तीन महिने फायली वाचणं आणि प्रकरणांची यादी. त्याच काळात एक पानी तक्ता, मुख्याध्यापकांचे फोन आणि सोमवारचा कागद, कारण त्यांना कुणाच्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही. चौथ्या महिन्यात सगळ्यात मोठी गळती कुठे आहे ते आकड्यांसह मांडायचं आणि पुढच्या सहा महिन्यांसाठी तेवढी एकच घ्यायची. चाळीस मुद्द्यांचा आराखडा मागतील. चाळीस लिहा हवे तर, पण पहिल्या वर्षाच्या रकान्यात चारच ठेवा. पैसे लागतील ते फार नाहीत, पण ठरावीक जागी लागतील: परिवीक्षा अधिकाऱ्याचा प्रवास, तारखेला येणाऱ्या गरीब पालकांचं बसभाडं, मूल्यांकनाला येणाऱ्या तज्ज्ञाचं मानधन, यादी सांभाळायला एक माहिती नोंदणारा माणूस. मिशन वात्सल्यमध्ये केंद्र आणि राज्याचा वाटा साठ-चाळीस असतो आणि निधी टप्प्याटप्प्यानं येतो, म्हणून पहिल्या तीन गोष्टींसाठी जिल्हा नियोजन समितीकडे वेगळी मागणी लावा, आणि ती समितीच्या बैठकीआधी नियोजन अधिकाऱ्यांच्या हातात द्या. मागणीसोबत तुमच्या यादीतलं एक पान जोडा: जामीन होऊनही आत राहिलेल्या मुलांचे दिवस, ओळीने, नावाशिवाय.